सोनेरी सांध्याचा माठ

छातीतली गाठ मी आठ महिने लपवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला वाटायला नको की ही बाई लई शहाणी होती.

मी सरूबाई, कुंभाराची. बेंबळीकडच्या एका खेड्यात आमचं घर. घरात आम्ही चौघं. मालक, लेक बाळू, सून रेखा आणि मी. रेखा माझ्या सख्ख्या भावाची लेक, म्हणून लग्नानंतरही मला आत्याच म्हणते. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं लिहिणं-वाचणं बाळूच्या पुस्तकांवरनं शिकले, तेव्हा शुद्ध-अशुद्ध कुणी काढत बसू नये.

ऑपरेशन झालं, किमो झाले, लाइट, म्हणजे रेडिएशन, देऊन झाली. डॉक्टर म्हणाले, आता दोन वर्षं डोळ्यात तेल घालून बघायचं, परत येतंय का. त्यातलं एक वर्ष व्हायला आलं. म्हणजे मी बरी झाले असं म्हणता येत नाही, आणि आजारी आहे असंही नाही. घरातले सगळे हसतात, बोलतात, पण मी खोकले तरी तिघांच्या माना वळतात. ही वही त्या दोन वर्षांतच लिहायला घेतली. एखादीनं वाचली आणि आठ महिन्यांऐवजी आठ दिवसांत दवाखाना गाठला तर माझं काम झालं.

निमित्तं

आमच्यात चाकाला बाई हात लावत नाही. मालकानं चाकावरनं उतरवलेलं भांडं जरा सुकलं की ते बाईच्या मांडीवर येतं. डाव्या हातानं आतून दगडी गोटा धरायचा, उजव्या हातानं बाहेरून लाकडी चोपण्यानं थापटायचं. थापटत थापटत भांडं फुगवायचं, गोल करायचं. थापटताना भांड्याचा काठ डाव्या छातीला टेकतो. चाळीस वर्षं टेकला. म्हणून नवरात्राच्या घटांच्या गडबडीत त्याच बाजूला हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागलं, तेव्हा मला वाटलं, काठाचा घट्टा पडला असेल. चप्पल चावून पायाला पडतो तसा.

घट होऊ देत, मग दाखवू म्हटलं. घट झाले तर दिवाळीच्या पणत्या आल्या. पणत्या गेल्या तर संक्रांतीची सुगडं. सुगडं संपली तर उन्हाळ्याचे माठ. कुंभाराच्या घरात वर्षाला मोकळा महिना नसतो, आणि ज्या बाईला दवाखान्यात जायचं नसतं तिला तो सापडतही नाही.

दुखत नव्हतं. हीच त्याची लबाडी. दुखलं असतं तर ओरडले असते. हरभऱ्याचं बोर झालं, बोराची सुपारी झाली, आणि मी गप.

अगदी काहीच केलं नाही असंही नाही. आमच्यात सूज आली, गळू झालं, काही चावलं की मातीचा लेप. माती ओढून घेते, असं माझी सासू सांगायची. मी माती वस्त्रगाळ करायची, त्यात हळद कालवायची आणि आंघोळ झाली की लावून वर पोलकं घालायची. दुपारपर्यंत ती वाळून ताणायची. ताण बसला की मनात म्हणायची, ओढतेय. संध्याकाळी बघावं तर मातीला भेगा पडलेल्या असायच्या, बरोबर गाठीच्या माथ्यावरनं. कच्च्या भांड्याला अशी भेग दिसली तर मी ते भांडं मोडून परत चिखलात टाकते, कुणाला विचारतसुद्धा नाही. स्वतःच्या अंगावर दिसली तर ओला हात फिरवून बुजवली.

धुणं

ज्येष्ठात रेखानं पकडलं. मी उन्हात तूर निवडत होते, ती दगडावर धुणं धूत होती. माझं एक पोलकं उलटं करून तिनं दोन्ही हातांनी ताणून धरलं.

"आत्या, एक इचारू?"

"इचार की."

"कुंभाराच्या घरात पोलक्याला माती लागती, ती बाहेरून लागती. तुमच्या पोलक्याला आतून कशी लागती? अन् डावीकडंच?"

"खाज सुटती गं. उन्हाळ्याची."

"रोज? अन् एकाच बाजूला?"

"तू धुणं धू. पंचनामा करू नगंस."

ती उठली. ओल्या हातानं मला आत नेलं आणि दार लावलं. "दाखवा."

"येड लागलं का? सासूचं अंग बघती?"

"दाखवा, न्हायतर मामांना हाक मारते."

मामा म्हणजे आमचे मालक. मी पोलकं काढलं. त्या दिवशीचा लेप वाळला होता. रेखानं तांब्यात कोमट पाणी आणलं आणि फडक्यानं माती पुसून काढली. खालची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती, मधोमध आत ओढलेली. मी ती रोज बघत होते. पण दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मला कळलं, हा घट्टा नाही.

"कधीपासनं?"

"घटापासनं."

तिनं बोटांवर महिने मोजले. मोजताना तिचे ओठ हलत होते. आठव्या बोटावर ती थांबली आणि फडकं पिळायला लागली. ते कोरडं झालं तरी पिळतच होती.

उसाचा रस

धाराशिवला गेलो. तिथं सुई घालून तपासलं आणि आठवड्यानं बोलावलं. तो आठवडा मी दोनशे माठ थापटले असतील. कुणी नको म्हटलं नाही, कारण नको म्हणायचं तर कारण बोलावं लागलं असतं.

रिपोर्टच्या दिवशी मला बाहेर बाकड्यावर बसवून बाळू एकटाच डॉक्टरांकडं गेला. दाराला काच होती. आत तो उभा होता तो खुर्चीवर बसला, एवढंच मला दिसलं. बाहेर आला तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाला, "आई, उसाचा रस पिती का?"

हा लेक आईला बाजारातनं आणून कधी खायला घालणारा नव्हे. एसटी स्टँडवर मी पाणी मागितलं तर "घरी जाऊन पी" म्हणणारा. तो विचारतोय रस पिती का. मला तिथंच कळलं. रसवंतीत बसलो. त्यानं माझ्यासाठी मोठा गिलास सांगितला आणि स्वतःचा समोर तसाच ठेवला. त्यावर माशी बसली तरी हलवली नाही.

"कॅन्सर हाय न्हवं?" मी विचारलं.

"गाठ हाय म्हणले."

"गाठ तर मलाबी ठावं हाय, बाळू. ती कसली हाय?"

तो रडायला लागला. तीस वर्षांचा बाप्या, रसवंतीत. चरकाच्या घुंगरांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही, तेवढं बरं झालं. मी माझा गिलास संपवला, मग त्याचाही संपवला. लई गोड होता. लोक म्हणतात, अशा वेळी तोंडाची चव जाते. माझी गेली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. आत काही चाललंय याचा शरीराला पत्ताच नव्हता.

वॉर्ड

सोलापूरच्या दवाखान्यात डावी बाजू सगळी काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. पुढचं आठवतं. सकाळी दिवे लागायचे, मग काखेत थर्मामीटर, मग फिनेलचा फडका, मग चहा. प्रत्येकीच्या अंगाला एक नळी, नळीला एक बाटली. आम्ही बायका ती बाटली पिशवीत घालून, भाजी आणायला निघाल्यासारख्या येरझाऱ्या घालायचो. एखादी खाट सकाळी रिकामी दिसली की कुणी विचारायचं नाही. घरी गेली म्हणायचं.

मालक दवाखान्यात यायचे, पण वर यायचे नाहीत. फाटकाजवळच्या निंबाखाली बसायचे. रेखा म्हणायची, "मामा, वर चला की."

"मला तिथला वास सोसत न्हाय."

"मातीत घोड्याची लीद तुडवता चाळीस वर्सं, ती सोसती. फिनेल सोसत न्हाय व्हय?"

ते उठून दुसऱ्या झाडाखाली जायचे.

आमच्या धंद्यात मालकांचं एक काम ठरलेलं. भट्टी उघडली की प्रत्येक भांड्याला बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. चांगलं भांडं टणकन बोलतं. आतून भेग असेल तर बद्द वाजतं, मग वरून ते कितीही देखणं असो. बद्द वाजलेलं भांडं ते मागच्या उकिरड्यावर टाकतात, घरात येऊ देत नाहीत. त्यांचे वडीलही तेच करायचे. खाटेवर पडल्या पडल्या मला वाटायचं, हा माणूस वर येत नाही, कारण आला तर त्याला टिचकी मारावी लागेल.

डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या हातानं ओझं उचलायचं नाही, ठोकाठोक करायची नाही, हात सुजेल. म्हणजे थापटणं संपलं. छाती गेल्याचं मी कुणापुढं रडले नाही. चोपणं सुटल्याचं रडले.

मुका कप

किमोच्या खोलीत ओळीनं खुर्च्या असायच्या. दुसऱ्या फेरीला माझ्या शेजारी तुळजापूरच्या एक बाई आल्या, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. माझ्यासारखंच दुखणं, पण त्यांचं दुसऱ्यांदा आलेलं. त्या घरनं स्वतःचा कप आणायच्या. चिनी मातीचा, निळा. त्याच्या अंगावर सोन्याची एक रेघ वाकडीतिकडी उतरलेली.

"बाई, सोन्याचा मुलामा दिलाय का कपाला?"

"फुटला होता. सांधलाय."

"अन् तुमी त्यातून पिता? आमच्यात फुटकं घरात ठेवत न्हाईत. फुटकं मडकं मेलेल्याच्या म्होरं धरत्यात."

बोलून गेले आणि जीभ चावली. आसपास आठ जणी सलाईन लावून बसलेल्या. पण बाई इतक्या हसल्या की सिस्टर धावत आली.

"सरूबाई, इथं बसून हे बोलणं तुम्हालाच जमतं," म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, की जपानात फुटलेलं भांडं लपवत नाहीत. झाडाच्या चिकानं सांधतात आणि सांध्यावर सोन्याची पूड बसवतात, म्हणजे कुठं फुटलं ते लांबून दिसावं.

"दिसावं? आमी तर लपवतो. भेग मातीनं बुजवून गेरू फासतो वरनं."

"तिथं म्हणतात, फुटलं हे खरंच घडलंय, मग ते भांड्याच्या अंगावर का नको?"

"अन् हे सोनं?"

"छे हो. पितळेची पूड आहे. लेकीनं शिकवलं मला."

मी कप हातात घेतला. सवयीनं टिचकी मारली. बद्द.

"मुका झालाय बाई तुमचा कप."

"झाला खरा. चहा मात्र धरतो," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. त्यांना त्या दिवशी लई उलट्या झाल्या. कप मी धुऊन दिला. धुताना त्या रेघेवरनं अंगठा फिरवला. जरा उंच लागली, शिवणीसारखी. मला ती आवडली. आणि आवडली म्हणून भ्याले. फुटकं भांडं आवडणं आमच्यात चांगलं लक्षण नाही.

घट

त्या साली नवरात्रात डोक्यावर केस नव्हते. पदर घट्ट घेऊन, उजव्या हातात चारच घटांची टोपली घेऊन मी ठरलेल्या घरांना निघाले. पिढीजात घरं, सासूच्या हाताखाली असल्यापासनं जाते. कुंकू लावतात, घट उतरवून घेतात. पहिल्याच घरी मालकीणबाई उंबऱ्याच्या आतच थांबल्या.

"सरू, टोपली घेऊन जा माघारी. रेखाला पाठव, ती दील."

"का वो काकू?"

"वाईट वाटून घेऊ नगं. देवीचं हाय गं. तुझं असलं दुखणं..."

मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर मला राग आला नाही. तिच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. याआधी म्हटलंही आहे, एका बाईला. तिचं नाव इथं लिहीत नाही.

रेखा तणतणत गेली आणि भरली टोपली घेऊनच परत आली.

"घेतले न्हाईत?"

"म्याच दिले न्हाईत. म्हणलं, काकू, ह्याची माती आत्यानंच चाळलीया. हात लागल्याशिवाय घट व्हतो का? तुमी पितळेचा मांडा."

"अगं, पिढीचं घर ते!"

"तुमीबी पिढीच्याच हाव."

त्या वर्षी आणखी तीन घरांनी घट नकोत म्हणून निरोप पाठवला.

माठ

सगळे उपचार संपून घरी होते तेव्हाची, चैत्रातली गोष्ट. पिण्याच्या पाण्याचा माठ मी विसळायला उचलला. डाव्या हाताला हल्ली मुंग्या येतात. माठ कधी सुटला कळलं नाही. ओसरीच्या फरशीवर पडला.

आपल्याकडं भरल्या घरात बाईच्या हातून माठ फुटला तर लोक गप होतात. कशानं, ते सांगायला नको. स्मशानात जे फोडतात ते हेच. चाकावर मालक होते, त्यांचा हात थांबला आणि मोटरीवरचं चाक नुसतंच फिरत राहिलं. बाळू दारात उभा. रेखा तेवढी झाडू घेऊन धावली, कुणी काही म्हणायच्या आत खापऱ्या दिसेनाशा कराव्यात म्हणून.

"थांब," मी म्हटलं. "झाडू नगं."

चार मोठे तुकडे होते, बाकी चुरा. मी ते पदरात गोळा केले. रेखाला सगळं सांगितलं, तुळजापूरच्या बाईंचा कप, जपान, सोन्याची पूड. ती धाराशिवला गेली. कासाराकडनं लाख आणि गणपती रंगवणाऱ्याकडनं सोनेरी पूड घेऊन आली. पहिल्या दिवशी लाख जळाली, घरभर वास. दुसऱ्या दिवशी दोन तुकडे जुळले, पण उलटे. रेखा हसून हसून बेजार. तिसऱ्या दिवशी तिनं तुकडे निखाऱ्यावर शेकून द्यायचे आणि मी काठाला लाख लावून दाबून धरायचे, असं जमत गेलं. नखाएवढा एक टवका सापडलाच नाही, तिथं नुसती लाख भरली. लाख गरम असताना वरनं पूड भुरभुरायची आणि फुंकायची.

झाला तेव्हा ओसरीच्या खांबाला टेकवून मी लांब जाऊन बसले. काठापासनं एक सोनेरी फाटा खाली आला होता, पोटावर त्याचे दोन झाले होते, टवक्याच्या जागी जाड ठिपका. काठ जरा वाकडा बसला होता. आणि लिहायला लाज वाटते, पण मला तो आधीपेक्षा देखणा वाटला. आधी तो शंभर माठांसारखा माठ होता. आता तो मी गर्दीत ओळखला असता.

त्याच आठवड्यात आंघोळीच्या वेळी मी आरसा आत नेला. दहा महिने बघितलं नव्हतं. नुसतं बोटानं साबण लावायचे. बघितलं. व्रण काही सोन्याचा नाही. जांभळट आहे, एका टोकाला सुरकुतलेला, तिथलं हाड वर आलंय. तो सुंदर आहे असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर तिला आधी स्वतःचा दाखव म्हणेन. पण बघता आला. पाणी गार होईपर्यंत बघितला.

बद्द

माठात पाणी भरून बघितलं. अर्ध्या तासात सांध्याला दव फुटलं, मग थेंब. मालक ओसरीवर आले. वाकले. टिचकी मारली.

"बोलत न्हाय ह्यो."

"नगं बोलू दे. ज्वारी ठेवीन त्यात."

"फुटकं घरात ठेवायचं?"

"मी हाय की घरात."

हे मी रागानं म्हटलं नव्हतं. मग ते उठून गेले. दोन दिवस जेवणापुरते घरात आले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी लाख कुटत होते. ते मागच्या उकिरड्यावरनं एक चिरलेली कुंडी घेऊन आले, धुऊन, पुसून. माझ्या गुडघ्यापाशी ठेवली.

"बघ जमतंय का," म्हणाले, आणि माझ्याकडं न बघता चाकाकडं गेले. चाळीस वर्षांत त्या ढिगावरनं त्यांनी काही परत आणलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

पुढं पावसाळाभर असंच चाललं. काही सांधे धरले, काही सुटले. शेजारणी येऊन बघायच्या. कुणी म्हणायची झकास, कुणी म्हणायची अवदसा आणून बसवलीस दारात. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीची एक बाई मेलेल्या आईची लोणच्याची बरणी घेऊन आली. मी सांधत असताना बरणीबद्दल बोलता बोलता ती एकदम म्हणाली, "सरूमावशी, तुमाला पहिल्यांदा कसं कळलं वो?" मी लाख खाली ठेवली. तिच्याही छातीत गाठ होती, तीन महिन्यांची. मी तिला लई बोलले. लेकरांची नावं घेऊन बोलले. "लपवतीस व्हय? कुणासाठी?" रेखानं दुसऱ्या दिवशी तिला धाराशिवला नेलं. बरणी अजून माझ्याकडंच आहे, तिचे उपचार चाललेत.

तुळजापूरचा फोन

दिवाळीनंतर तपासणीला सोलापूरला गेले तेव्हा बाई भेटल्या नाहीत. एरवी आम्ही तारीख ठरवून यायचो. घरी येऊन फोन लावला. लेकीनं उचलला.

"मावशी, आई गेली. पाठ दुखते म्हणत होती. आम्हाला वाटलं, बसून बसून दुखत असेल. तपासलं तेव्हा सगळीकडं गेलेलं होतं."

मी तिचं सांत्वन केलं की तिनं माझं, आठवत नाही. फोन ठेवल्यावर मी दोन्ही हातांनी स्वतःची पाठ चाचपली. त्या दिवसापासनं रोज कुठं ना कुठं दुखतं. कधी बरगडी, कधी गुडघा. खरं कुठलं आणि भीतीचं कुठलं, ते वेगळं करता येत नाही.

बाकड्यावर

हे दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून लिहिते आहे. अजून आत बोलावलेलं नाही.

चार दिवसांपूर्वी आंघोळ करताना व्रणाच्या वर, गळ्याच्या हाडापाशी, ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं. हात काढला. परत लावला. होतं.

मी बाहेर आले आणि सुगडं मोजायला बसले. संक्रांत तोंडावर, भट्टी अर्धी रचलेली, तुराट्या अंगणात येऊन पडलेल्या. मनात म्हटलं, एवढी सुगडं जाऊ देत, मग बघू. वाशीच्या त्या बाईला मी काय काय बोलले होते ते सगळं आठवत होतं, तरी म्हटलं. कारण या वेळी मला ठाऊक होतं काय असतं ते. पहिल्या वेळी मी अडाणीपणानं लपवलं, या वेळी जाणून. तुळजापूरच्या बाईंना दुसऱ्यांदा आलं तेव्हा पुढं काय झालं, ते माझ्याएवढं आमच्या घरात कुणाला माहीत नाही. दोन दिवस मी अंगणात सगळ्यांशी हसून बोलत होते. रेखा म्हणाली, "आत्या, लई दिसांनी खुलला." तेवढं ऐकलं आणि मी परत सुगडं मोजायला लागले. अजून एक दिवस तिला असंच राहू द्यावं वाटलं. तोही दिला.

आज सकाळी ती भाकरी थापत होती. मालक आणि बाळू भट्टीपाशी सुगडं रचत होते, त्यांचा आवाज येत होता. मी तिच्याजवळ पाटावर बसले.

"रेखा, हात दे."

"पीठ हाय हाताला."

"असू दे. हितं लाव."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग हात पुढं केला. मी तिची बोटं धरून गळ्याच्या हाडापाशी नेली. ती आधी भलतीकडंच फिरली, मग त्या दाण्यावर येऊन थांबली. परत मागं गेली, परत आली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला.

"कधीपासनं?"

"तीन दिस झाले. ह्यो चवथा."

मला वाटलं ओरडेल. शिव्या देईल, मी वाशीच्या बाईला दिल्या तशा. तिनं पदरानं माझ्या गळ्यावरचं पीठ पुसलं. चिमटा घेऊन करपलेली भाकरी तव्यावरनं काढली, चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि त्यांवर पाणी मारलं. अंगणात जाऊन भट्टीपाशी काहीतरी बोलली. तिकडचे आवाज बंद झाले.

मग आत येऊन म्हणाली, "उठा, लुगडं बदला."